बालवाडीतून रिटायर झालात आणि मुलांचं पुस्तक लिहायचंय? मग हे वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, वर्गात गोष्ट म्हणजे तुम्ही होतात. तुमचा आवाज, डोळे मोठे करणं, वाघ आला की पदर डोक्यावर घेऊन गुरगुरणं, मध्येच थांबून "आणि मग काय झालं असेल बरं?" असं विचारणं, हे सगळं मिळून ती गोष्ट व्हायची. पुस्तकात तुम्ही नसणार. ते वाचून दाखवणार कोण, तर रात्री साडेदहाला ऑफिसातून आलेला जांभया देणारा बाबा, नाहीतर चष्मा शोधत बसलेली आजी, नाहीतर तिसरीतली ताई जिला स्वतःलाच अजून अडखळायला होतं. तरी ती गोष्ट चालली पाहिजे. माझ्या मते बालवाडीच्या ताईला लेखिका व्हायला खरं शिकावं लागतं ते एवढंच, बाकी टायपिंग, प्रकाशक, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ही कामं आहेत, होतात ती.

आणि "या वयात आता काय" असं कुणी म्हणालं तर सोडून द्या. लहान मुलांमध्ये काम करणाऱ्या बायकांनी लिहायचं ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. नूतन बाल शिक्षण संघ १९२६ सालचा, त्यातल्या ताराबाई मोडकांनी शाळा चालवता चालवता शिक्षणपत्रिका हे मासिक चालवलं, अनुताई वाघांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये राहून लिहिलं. पानं, बिया, काटक्या, शिंपले यांच्यावर त्यांनी बालवाडी उभी केली, विकतची साधनं नव्हती म्हणून अडून बसल्या नाहीत. लिहितानाही तसंच करायचं, तुमच्या गावात जे आहे तेच गोष्टीत आणायचं, उगाच बर्फ आणि स्ट्रॉबेरी कशाला.

तर सुरुवात वहीपासून. फोनमधल्या नोट्सही चालतील पण वही बरी. त्यात गोष्टी लिहायला बसू नका, आठवेल तसं फक्त मुलं काय बोलली आणि काय केलं ते लिहा. "काल मी मामाच्या गावाला जाणार" म्हणणारा. "मी सगळं करलं" म्हणणारी. डब्यात पोळीच्या खाली दगड लपवून आणणारा, आणि विचारलं तर "तो पण जेवतो" म्हणणारा. चुकून ताईला "आई" म्हणून हाक मारली जाते आणि मग तोंड कुठे लपवावं कळत नाही, ते. जून महिन्यातलं रडणं, त्यातही जे मूल रडत नाही पण दप्तर खांद्यावरून काढतच नाही, ते. नवीन रेनकोट घरी आलाय आणि पाऊसच पडत नाहीये, तो वैताग. हे तुमच्याकडे ढिगाने आहे आणि हेच बाकीच्या लेखकांकडे नसतं, त्यांना एखाददुसरं नातवंड बघून लिहावं लागतं. लिहिताना मुलांची नावं मात्र बदला, शक्य तर दोन मुलांचं मिळून एक मूल करा. गाव लहान असतं, गोष्टीतला पॅन्ट ओली करणारा मुलगा कोण हे सगळ्यांना कळतं आणि तो आता बँकेत कॅशियर असतो, त्याला स्वतःची मुलं असतात.

बोबडं मात्र लिहू नका हं. "मना भूक नागनी" छाप मजकूर मोठ्यांना गोड वाटतो, मुलांना नाही, मूल स्वतःला बोबडं समजतच नाही. पकडायचं ते त्यांचं लॉजिक.

आता लिहिणं. बहुतेक ताया पहिली गोष्ट लिहितात ती साधारण अशी असते: "एका गावात मीनू नावाची एक गोड पण हट्टी मुलगी राहत होती. ती आपल्या वस्तू जागेवर ठेवत नसे. आई तिला रोज समजावून सांगे." तिथेच पुस्तक संपलं समजा. कारण मुलाला पहिल्या वाक्यात कळतं की आता बोलणी बसणार आहेत. वर्गात हे खपून जायचं कारण तुमचा आवाज ते ओढून न्यायचा. कागदावर ओढायला कुणी नाही. त्यापेक्षा असं करून बघा:

"मीनूची एक चप्पल सापडेना."

पान उलटलं. "पलंगाखाली? नाही. पलंगाखाली होता चेंडू."

पान उलटलं. "दारामागे? नाही. दारामागे होती छत्री."

बघा, आता कंटाळलेला बाबा वाचत असला तरी पोरगं दुसऱ्या पानावर आपणच "नाही!" ओरडणार. तुम्ही वर्गात जो पॉज घ्यायचा तो इथे पान उलटण्यात आलाय. म्हणून चित्रपुस्तक लिहिताना वाक्य कुठे संपतं यापेक्षा पान कुठे उलटतं ते जास्त महत्त्वाचं. प्रश्न उजव्या पानावर खाली, उत्तर उलटल्यावर. प्रश्न आणि उत्तर समोरासमोरच्या पानांवर आले की मजाच गेली.

आणि खरी गंमत अजून पुढेच आहे. समजा प्रत्येक चित्रात कोपऱ्यात एक मांजरीचं पिल्लू ती चप्पल ओढत चाललंय आणि मजकुरात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. मीनूला दिसत नाहीये, वाचणाऱ्या बाबालाही दिसत नाहीये कारण त्याची नजर अक्षरांवर आहे, पण ज्याला वाचता येत नाही त्या चार वर्षांच्या पोराला सगळ्यात आधी दिसतं! ते पोरगं त्या दिवशी घरातलं सगळ्यात हुशार माणूस असतं. हे तुम्ही मजकुरात लिहिलंत, "तेवढ्यात एक खट्याळ पिल्लू आलं" वगैरे, की त्याच्याकडून ते हिसकावून घेतलंत. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे चित्रात दिसणारे का? दिसणार असेल तर काट मारा. लाल फ्रॉक, दोन वेण्या, हिरवंगार शेत, सुंदर सकाळ, सगळं जातं. जीव तुटतो सुरुवातीला, पण जातं. शेवटी मीनू वस्तू जागेवर ठेवायला लागली असंही लिहू नका. चप्पल सापडली, पिल्लू सापडलं, बास.

तालाचं तुम्हाला सांगायला नको, बडबडगीतं म्हणून म्हणून तो अंगात भिनलेलाच असतो. एखादं वाक्य तीन-चार वेळा परत यावं, चौथ्या वेळी थोडं बदलावं. यमक मात्र जबरदस्तीने जुळवू नका, "मीनू" ला जुळावं म्हणून कुठून तरी "पीनू" आणला की पोरांनाही कळतं.

लांबीचं बोलायचं तर तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शब्द खूप कमी लागतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर गोष्टींच्या चार पातळ्या केल्यात, त्यात पहिली पातळी साधारण २५० शब्दांच्या आतली, दुसरी ६०० पर्यंतची. तुमचा पहिला खर्डा बहुतेक यात बसणार नाही, वर्गात बोलायची सवय असते ना, त्यामुळे निम्म्याहून जास्त उडवायची तयारी ठेवूनच बसा.

इथे एक ठरवून घ्या, पुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवायचंय की मुलाने स्वतः वाचायचंय? दोन्ही वेगळी पुस्तकं आहेत. वाचून दाखवायचं असेल तर "गडगडाट", "धप्पकन", "उच्छाद" असले शब्द बिनधास्त घाला, जोडाक्षरांना घाबरू नका, मुलांना जड शब्द तोंडात घोळवायला आवडतात. स्वतः वाचायचं असेल तर मग काना, वेलांटी, जोडाक्षर कुठे येतंय हे मोजून मापून, जसं तुम्ही फळ्यावर करायचात. दोन्हीचं कडबोळं केलं की ते कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही.

मग डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, बनवा. हे टाळू नका, प्लीज. ए४ चे चार कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा, घडीवर दोन स्टेपल मारा, झाली १६ पानांची वही. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं प्रकाशकाच्या माहितीचं, म्हणजे गोष्टीला उरली १४. मधल्या पिना मारलेल्या पुस्तकात पानं चारच्या पटीतच येतात त्यामुळे "माझी गोष्ट १७ पानांची आहे" असं काही नसतं, १६, नाहीतर २०, २४. प्रत्येक पानावर मजकूर पेन्सिलने लिहा आणि चित्राच्या जागी काड्यांची माणसं काढा, तुमची चित्रकला कशीही असो. उलटून बघा. तीन पानं लागोपाठ मीनू नुसती उभी राहून विचार करतेय असं दिसलं तर तिथे गोष्ट थांबलीये, कारण चित्रकार तीन वेळा तेच काय काढणार.

आता परीक्षा, आणि ही सगळ्या जणी चुकीची घेतात. स्वतः वाचून दाखवू नका! तुम्ही किराणा मालाची यादी वाचलीत तरी पोरं टाळ्या वाजवतील, तेच तर तुमचं कौशल्य आहे. डमी दुसऱ्याच्या हातात द्या, ज्याला नाटकी वाचता येत नाही असा माणूस बघा (बऱ्याच घरात तो नवराच असतो) आणि स्वतः मागे बसा, तोंड न उघडता. स्वतःची नातवंडं नकोत, त्यांना आजीचं सगळंच आवडतं. शेजारच्या बिल्डिंगमधली, जवळच्या अंगणवाडीतली मुलं, पाच-सहा पुरेत. मग गोष्ट आवडली का हे विचारायचं नाही, मुलं हो म्हणतात, आपणच तसं शिकवलंय त्यांना. बघायचं ते, कुठल्या पानावर कोण खपली खरवडायला लागलं, कुणाची नजर पंख्याकडे गेली, कुणी पुढचं पान आधीच उलटायला हात घातला, आणि वाचणारा कुठल्या वाक्यावर अडखळला. वाचणारा दोनदा अडखळला तर दोष वाक्याचा, त्याचा नाही. "परत" अशी मागणी आली तर समजा जमतंय.

टायपिंगचा बाऊ करू नका. फोनवर जीबोर्डमध्ये (गूगलचा कीबोर्ड) मराठी भाषा टाकली की माइकचं बटण दाबून बोलत सुटायचं, बऱ्यापैकी नीट उतरतं, मग ऱ्हस्व-दीर्घ हाताने सुधारायचं. एक फायदा म्हणजे बोलून लिहिलेलं बोलल्यासारखंच येतं, "नसे, असे, जाई" होत नाही. हे सगळं युनिकोडमध्ये असतं, म्हणजे कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर नीट दिसणारी अक्षरं. पुढे डीटीपीवाला कदाचित म्हणेल की आमच्याकडे श्री-लिपी (जुन्या पद्धतीचे फॉन्ट) आहे, मग तो मजकूर कन्व्हर्ट करणार आणि त्यात रफार, अर्धा र, जोडाक्षरं इकडची तिकडे उडतात, म्हणून कन्व्हर्ट झाल्यावरचं प्रूफ अक्षर न् अक्षर वाचायचं. कव्हरचं तर तीन जणांकडून वाचून घ्यायचं. फॉन्ट ठरवताना ल आणि श बघा, आपल्या पाठ्यपुस्तकात असतात तसा पाकळीवाला ल आणि देठवाला श आहे का, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे असतात आणि नुकतं अक्षर ओळखायला लागलेलं पोर तिथे अडकतं. हे चित्रकाराला नाही सुचणार, डीटीपीवाल्याला तर नाहीच नाही, हे तुम्हालाच माहितीये. 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात, लहान मुलांच्या मजकुराला बरे दिसतात.

चित्रांबद्दल. प्रकाशकाकडे पाठवणार असाल तर चित्रकार शोधू नका, ते काम त्यांचं, भाच्याने काढलेली चित्रं सोबत जोडली तर उलट गोष्टीचं वजन कमी होतं. मजकुरात जिथे चित्राशिवाय अर्थ लागणार नाही (ते पिल्लू) तिथे फक्त कंसात सूचना द्या. चित्रकाराला मोकळं सोडा, मीनूचा फ्रॉक कुठल्या रंगाचा हे त्याला ठरवू दे. गूगलवरून चित्रं उचलायची नाहीत हे सांगायला नको. आणि एक लक्षात घ्या, वर्गात वर्षानुवर्षं म्हटलेली बरीच गाणी आपल्याला "पारंपरिक" वाटतात पण त्यांना कवी असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालू राहतो, त्यामुळे गोष्टीत एखादी ओळ घालायची तर ती कुणाची हे आधी शोधा. पंचतंत्रातली गोष्ट तुमच्या शब्दात खुशाल सांगा, पण दुसऱ्या कुणी नव्याने लिहिलेल्या पंचतंत्रातली वाक्यं उचलू नका.

पाठवायचं कुठे? एकदम पुस्तकावर उडी मारण्यापेक्षा आधी मासिकं. चिकूपिकू अगदी लहान मुलांसाठी आहे म्हणजे तुमच्याच वयोगटाचं, थोड्या मोठ्या मुलांसाठी लिहिलंत तर बालभारतीचं किशोर आहे (१९७१ पासून चालू), वयम् आहे. दिवाळी अंकांसाठी पाठवायचं तर गणपतीत पाठवून उपयोग नाही, मे-जूनमध्येच पाठवा. पुस्तकांसाठी पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन, दिल्लीचं नॅशनल बुक ट्रस्ट ज्यांची नेहरू बाल पुस्तकालय नावाची मालिका आहे, चेन्नईचं तूलिका जे एकच पुस्तक मराठीसकट अनेक भाषांत काढतं. आधी लायब्ररीत बसून यांची प्रत्येकी आठ-दहा पुस्तकं वाचा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो, एकाला साधी घरगुती गोष्ट चालते, दुसऱ्याला तुमची मीनू कदाचित फारच सरळ वाटेल. ईमेलमध्ये मजकूर युनिकोडमध्ये, सोबत चार ओळींचं पत्र: गोष्ट कुठल्या वयासाठी, किती शब्द, तुम्ही किती वर्षं बालवाडीत होतात. बास. "माझ्या गोष्टी सगळ्यांना फार आवडतात" हे लिहू नका. उत्तराला महिने लागतात, येतच नाही असंही होतं, तोवर दुसरी गोष्ट लिहायला घ्या. पहिलं पुस्तक काढायला मदत म्हणून महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिचे चालू वर्षाचे नियम वाचून घ्या.

स्टोरीवीव्हरवर कुणीही स्वतः गोष्ट टाकू शकतं, तिथली तयार चित्रं वापरून. २०१५ पासून आहे ते. सरावाला झकास. फक्त तिथे टाकलेली गोष्ट खुल्या परवान्याखाली जाते, म्हणजे तुमचं नाव देऊन कुणीही ती वापरू शकतं, भाषांतर करू शकतं, छापून विकूही शकतं. मला यात काही वाईट वाटत नाही, गोष्ट गोंडीत नाहीतर कोकणीत गेली तर चांगलंच आहे की, पण जी गोष्ट प्रकाशकाला द्यायची ती तिथे टाकू नका.

करार. इथे आपल्या बायका फार लाजतात, "अहो छापताय हेच खूप" म्हणतात आणि सही करून मोकळ्या. वाचा आधी. एकरकमी मानधन आहे की रॉयल्टी (विकलेल्या प्रतींमागे ठरलेले टक्के), रॉयल्टी छापील किमतीवर आहे की डिस्काउंट वजा जाता, चित्रपुस्तकात ती चित्रकाराबरोबर वाटली जाते ती कशी. हक्क किती वर्षांसाठी देताय, कुठल्या भाषांचे, ऑडिओचे पण का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" असं छापलेलं दिसलं तर ते मुद्दाम घातलंय हे ओळखा आणि विचारा, बदलून मिळतं बऱ्याचदा.

स्वतः छापणार असाल तर आधी सांगते, "पैसे भरा, लेखक व्हा" वाल्या पॅकेजमध्ये ग्रॅच्युइटी घालू नका. आपल्यातल्या कित्येक जणींना पेन्शन नाही, त्या पैशाला हात लावायचा नाही. त्यापेक्षा गावातल्या दोन-तीन प्रेसमधून कोटेशन घ्या आणि तिघांना सगळं सारखं सांगा, साइज, पानं, आतला कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड), आर्टपेपर (चकचकीत) की मॅपलिथो (साधा), पिनिंग की परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावलेलं), प्रती किती. नाहीतर तुलनाच होत नाही. मॅपलिथोवर चमक येत नाही, त्यामुळे ट्यूबलाइटखाली वाचायला मुलांना सोपं जातं, मला तोच आवडतो. कोपरे गोल करून मिळत असतील तर करा. आयएसबीएन सरकारी पोर्टलवर फुकट मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि बाकीच्या ठरलेल्या लायब्रऱ्यांना एकेक प्रत पाठवायची असते, १९५४ चा कायदा आहे तसा. आणि प्रती कमी छापा, कारण दुकानदार आणि वितरक किमतीतला मोठा वाटा घेतात आणि उरलेले गठ्ठे कॉटखाली आपल्यालाच सांभाळायला लागतात, पावसाळ्यात वाळवी लागते ती वेगळी.

पुस्तक आलं की शाळा बोलावतात, गोष्टीचा तास घ्या म्हणून. २ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन असतो पण तेव्हा आपल्याकडे परीक्षांची धावपळ, त्यामुळे खरी बोलावणी जूनपासून पुढे आणि गॅदरिंगच्या दिवसांत. इथे मात्र तुम्ही स्वतः लागता, आवाज, पदर, वाघ सगळं बाहेर काढा. फोनवरच ठरवून घ्या: मुलं किती (एका वेळी तीस-चाळीस पुरेत, माइकवर दोनशे मुलांना चित्रपुस्तक दाखवता येत नाही), मुलं खाली बसतील आणि तुम्हाला खुर्ची मिळेल ना, प्रवासखर्च आणि मानधन किती, शाळेच्या लायब्ररीसाठी प्रती घेणार का. "ताई तर आमच्याच" असं म्हणून जो मानधनाचा विषय टाळतो त्याला हसत हसत म्हणायचं, हो तुमचीच, पण रिक्षा माझी नाहीये.